गुराख्यांच्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी कुणाला माहीत नाही? जालना जिल्ह्यात भोकरदनला जा, मंठ्याला जा, नाहीतर अंबडकडच्या एखाद्या तांड्यावर जा. भिंतीवर फळं, पक्षी आणि आकडे रंगवलेली एक खोली दिसते. दारात चिमुकल्या चपलांचा ढीग असतो आणि आतून पोरांचा गलका ऐकू येतो. गावात पत्ता सांगतानासुद्धा लोक अंगणवाडीची खूण सांगतात.

पण अंगणवाडी या शब्दातलं अंगण नेमकं कुणाचं होतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

ते अंगण होतं डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवरचं. तिथं शाळा घेऊन जाणाऱ्या बाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, आणि तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाई अंगणापाशीच थांबल्या नाहीत. गुरं चारायला जाणारी पोरं अंगणातही सापडत नाहीत म्हटल्यावर शाळा थेट कुरणात गेली. आज शिक्षणाच्या क्षेत्रात प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, म्हणजे प्रकल्पातून शिकणं, या गोष्टीची बरीच चर्चा असते. भाषा, गणित, विज्ञान असे वेगवेगळे तास न घेता एकच विषय हातात घ्यायचा आणि त्यातून सगळं शिकायचं. त्याचं एक अस्सल मराठी रूप या कुरणशाळेत तयार झालं होतं. जालन्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असा आठवडा आखायचा असेल, तर ताराबाईंच्या आयुष्याकडे बघून बरंच काही हाती लागतं.

पदवीधर बाईंचा मोडलेला संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. घरात प्रार्थना समाजाचे विचार होते. मुलीला शिकवायचं की नाही, यावर त्या काळी घराघरांत वाद व्हायचे, पण या घरात तो प्रश्न नव्हता. १९१४ साली ताराबाई पदवीधर झाल्या. मुलींच्या शाळाच जिथं मोजक्या होत्या, तिथं पदवी घेतलेली बाई ही फार दुर्मीळ गोष्ट होती.

पुढं अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचं लग्न झालं. हा संसार टिकला नाही. काही वर्षांनी ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी असा निर्णय घेणाऱ्या बाईकडे समाज कसा बघत असेल, हे वेगळं सांगायला नको. पण हातात शिक्षण होतं. त्याच्या जोरावर त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता. एकट्या बाईला मुलगी वाढवायला आणखी काय हवं?

पण १९२३ च्या सुमारास ताराबाईंनी ही नोकरी सोडली आणि भावनगरची वाट धरली.

मिशा असलेली आई

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथं गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांची शाळा चालवत होते. गिजुभाई मुळात वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं या विचारात त्यांच्या हाती मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टर बाईंचे विचार पडले आणि वकिली मागे पडली. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. पोरांवर त्यांचा इतका जीव की लोक त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशा असलेली आई म्हणायचे.

गिजुभाईंच्या शाळेत छडी नव्हती. गोष्टी होत्या, नाटकं होती, गाणी होती, नदीवरच्या सहली होत्या. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक आजही शिक्षकांना वाचायला सांगतात. चौथीच्या वर्गावर वर्षभर वेगळ्या पद्धतीनं शिकवून बघणाऱ्या एका शिक्षकाची ती कहाणी आहे. त्यात इतिहास गोष्टीतून येतो, भाषा खेळातून येते आणि वरिष्ठ अधिकारी परीक्षेचं काय होणार म्हणून काळजी करत बसतात. थोडक्यात, तेव्हाही चित्र आजच्यासारखंच होतं.

ताराबाई भावनगरला सुमारे नऊ वर्षं राहिल्या. मुलांना शिकवणं, शिक्षकांना तयार करणं, लिहिणं, सगळं त्यांनी केलं. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार गावोगाव पोचावा म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ निघत होती. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली.

नंतर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं तिथं यायला लागली. शिक्षिका घडवण्याचं कामही सुरू झालं. बालशिक्षण म्हटलं की ताराबाईंचं नाव घेतलं जाऊ लागलं. सगळं नीट चाललं होतं.

पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. हे सगळं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी होतं. माँटेसरीचं लाकडी साहित्य महाग होतं. खेड्यातल्या शाळेला ते कुठून परवडणार? आणि जिथं शाळाच नाही, तिथल्या पोरांचं काय?

बोर्डी: जिथं पोरं आलीच नाहीत

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात येतं. ताराबाईंच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. त्या पस्तिशीच्या, लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या. गुरू आणि शिष्या अशी ही जोडी पुढं ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बालवाडी सुरू झाली. साहित्य मांडलं. पण ज्या पोरांसाठी हा सगळा खटाटोप, ती पोरं यायला तयार नव्हती. वारली पाड्यावरच्या मुलाला गावातल्या शाळेच्या खोलीत परकं वाटायचं. आईबाप सकाळीच कामाला गेलेले. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड. मग ती शाळेत येणार कशी?

इथं दुसरं कुणी असतं तर या लोकांना शिक्षणाची आवडच नाही असं म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाई आणि अनुताईंनी उलटा विचार केला. मूल येत नाही, तर शाळेनं जायचं. पाड्यावर जायचं, अंगण झाडायचं, पोरांना गोळा करायचं, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथंच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. ही अंगणातली बालवाडी. पुढं अख्ख्या देशात पोचलेला अंगणवाडी हा शब्द याच कामातून आला.

महागड्या साहित्याचा प्रश्नही पाड्यावरच सुटला. मोजायला चिंचोके आणि खडे, रंग ओळखायला पानं आणि फुलं, आकार समजायला शिंपले, लहानमोठं लावायला काटक्या. माँटेसरीबाईंचं तत्त्व तेच राहिलं, की मूल हातानं करून शिकतं. सामान मात्र डहाणूच्या मातीतलं.

कुरणशाळा

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. इथं नवी अडचण उभी राहिली. लहान पोरं अंगणात सापडत होती, पण सात-आठ वर्षांची आणि त्याहून मोठी पोरं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची. घरच्या पोटापाण्याचा तो भाग होता. गुरं सोडून शाळेत ये, असं सांगून उपयोग नव्हता.

मग शाळा कुरणात गेली. जिथं गुरं चरतात, तिथंच शिक्षक जाऊ लागले. याला नाव पडलं कुरणशाळा.

आता कुरणात शाळा भरवायची म्हणजे काय होतं, याचा जरा विचार करा. तिथं घंटा नाही. पस्तीस मिनिटांचा भाषेचा तास आणि पस्तीस मिनिटांचा गणिताचा तास, असं वेळापत्रक चालत नाही, कारण मध्येच एखादी गाय भलतीकडे निघते. फळा नाही, बाक नाहीत. आहे काय, तर झाडं, गवत, दगड, पाखरं, ओढा, आकाश आणि गुरं. मग शिकवायचं याच्यातूनच. गुरं मोजली की गणित. झाडापानांची नावं घेतली की निसर्गविज्ञान. त्यांच्याबद्दल बोललं, ऐकलं, लिहिलं की भाषा. पाखराचं चित्र काढलं की कला. एका गोष्टीत सगळे विषय आपोआप येऊन बसतात, कारण खऱ्या जगात ते कधी वेगळे नसतातच.

आणखी एक मोठी गोष्ट इथं घडते. शाळेच्या खोलीत गुराख्याचा पोरगा ढ ठरतो. कुरणात मात्र कुठलं झाड विषारी, कुठली गाय गाभण, पाऊस कुठून येणार, हे त्याला मास्तरांपेक्षा जास्त कळतं. म्हणजे शिकण्याची सुरुवात त्याला येत नाही तिथून न होता त्याला येतं तिथून होते. अशा पोराला शाळा आपली वाटायला लागते.

याचा अर्थ पोरांनी गुरंच राखावीत, असं ताराबाईंचं म्हणणं होतं का? अजिबात नाही. कुरणशाळा ही शिक्षणाशी पोराची ओळख करून देणारी वाट होती. कोसबाडला विकासवाडी ही योजना याच विचारातून चालली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी होती. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की मोठी बहीण वर्गात बसू शकते, इतका साधा हिशेब त्यामागं होता.

जग काय करत होतं?

ताराबाई एकट्याच असा विचार करत होत्या असं नाही. अमेरिकेत जॉन ड्यूई या विचारवंतानं १८९६ साली शिकागोला एक प्रयोगशाळाच म्हणावी अशी शाळा काढली होती. तिथं मुलं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करता करता विज्ञान आणि गणित शिकत. त्यांच्याच पठडीतल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला आणि शिक्षणात प्रोजेक्ट हा शब्द रुजला.

इकडे महाराष्ट्रातच, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नई तालीम पुढं आली. सूत कातताना कापसाचा भूगोल, सुताच्या लांबीचं गणित आणि कापडाचा इतिहास शिकायचा, अशी ती कल्पना. एका कामाशी सगळे विषय जोडण्याच्या या पद्धतीला समवाय म्हणतात.

ताराबाईंचं वेगळेपण कशात, तर त्यांनी सुरुवात पद्धतीपासून केली नाही. त्यांनी सुरुवात केली गैरहजर पोरापासून. कोण येत नाही आणि का येत नाही, हे आधी शोधलं. शाळेचं रूप त्यानंतर ठरलं. ही साखळी विसरली की प्रोजेक्टचं काय होतं, ते आज घरोघरी दिसतं. पोरगं झोपलेलं असतं आणि रात्री दहा वाजता बाप स्टेशनरीचं दुकान शोधत असतो, आई थर्माकोलचा ज्वालामुखी चिकटवत असते. मार्क मिळतात, शिकत कुणीच नाही.

जालन्यात असा आठवडा आखायचा तर

ताराबाईंचं काम झालं पश्चिम किनाऱ्यावर. त्या बोर्डीला गेल्या तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होता. आजचा जालना जिल्हा तर १ मे १९८१ ला तयार झाला. पण त्यांची रीत इथं तंतोतंत लागू पडते.

पहिला प्रश्न त्यांचाच: शाळेत कोण नसतं? जालन्यात याचं एक उत्तर ऊसतोड. मंठा, परतूर, घनसावंगी या भागांतली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. सोबत पोरंही जातात. ही पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, तरी गळती पुरती थांबली नाही. त्यामुळं प्रकल्पाचा आठवडा जानेवारीत ठेवला, तर ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज तीच पोरं फडात असणार. आठवडा घ्यायचा सप्टेंबरात, पोरं गावात असताना. तारीख ठरवणं हाही शिक्षणाचाच निर्णय असतो.

दुसरा प्रश्न: पोरांना आधीपासून काय येतं? जालन्यातल्या पोराला पाणी कळतं. हापसा कधी कोरडा पडतो, टँकर कुठं थांबतो, कुणाच्या आडाचं पाणी गोड, हे त्याला पाठ असतं. पोरींना तर जास्तच, कारण हंडा बहुतेक घरांत त्यांच्याच डोक्यावर असतो. म्हणून आठवड्याचा विषय पाणी. आणि त्याला एक नेमका प्रश्न हवा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. उदाहरणार्थ, आपल्या गावाला रोज किती पाणी लागतं आणि मिळतं किती?

आठवडा सुरू होण्याआधी शिक्षकांनी एक काम करायचं. पहिली ते चौथीच्या पुस्तकांतले कोणते घटक या विषयात येतात, त्यांची यादी करायची. मोजमाप, बेरीज-गुणाकार, नकाशा, मुलाखत, पत्रलेखन, जलचक्र. ही यादी हातात असली की अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती निम्मी कमी होते. बऱ्याच शाळा दोन शिक्षकी असतात. तिथं चारही वर्ग एकाच विषयावर काम करतात हा फायदाच आहे. लहान पोरं हंडे मोजतील, मोठी लिटरचा हिशेब करतील.

सोमवारी गावात फेरी. आड, विहीर, हापसा, नळ, बारव असेल तर तीही, सगळं बघायचं आणि जमिनीवर रांगोळीनं गावाचा पाण्याचा नकाशा काढायचा. विहिरीच्या काठाशी पोरांना जाऊ द्यायचं नाही. खोली मोजायची तर गाठी मारलेला दोर सोडण्याचं काम मोठ्या माणसानं करायचं, पोरांनी लांबून गाठी मोजायच्या.

मंगळवारी मोजमाप. एक लिटरच्या बाटलीनं हंडा भरायचा आणि त्यात किती लिटर मावतं ते बघायचं. समजा हंडा १५ लिटरचा निघाला आणि सहा माणसांच्या घरात रोज १२ हंडे येतात. म्हणजे १८० लिटर, माणशी ३०. सरकारच्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट आहे माणशी रोज ५५ लिटरचं. सहा जणांना ३३० लिटर हवं, कमी पडतं १५०. म्हणजे आणखी दहा हंडे. हा गुणाकार पोरगं जन्मात विसरणार नाही. फक्त एक काळजी घ्यायची. कुणाच्या घरात किती कमी, हे नावानिशी फळ्यावर मांडायचं नाही. हिशेब गल्लीचा करायचा, घराचा नाही.

बुधवारी आजी-आजोबा. १९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं अजून गावात आहेत. मिलो नावाची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडण्याचं काम, हे सगळं पोरांनी त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि लिहून काढायचं. प्रश्न आधी पोरांनीच तयार करायचे. भाषा आणि इतिहास इथं एकत्र येतात. तांड्यावरची पोरं गोरमाटीत, कुणी उर्दूत पाण्याचे शब्द सांगतील. ते सगळे भिंतीवर लावायचे.

गुरुवारी प्रयोग. तीन कापलेल्या बाटल्यांत काळी माती, मुरूम आणि वाळू. प्रत्येकीत तेवढंच पाणी ओतायचं आणि कुठून किती लवकर झिरपतं ते बघायचं. काळ्या रानात पाणी साचतं का आणि मुरमाड माळावर ते मुरतं कसं, हे पोरांना इथं दिसतं. मग जालना तालुक्यातल्या कडवंचीची गोष्ट सांगायची. पाणलोटाचं काम आणि शेततळी यांच्या जोरावर दुष्काळी पट्ट्यात द्राक्षबागा उभ्या करणारं ते गाव. किंवा जालना शहराला निजामाच्या काळापासून पाणी पाजणाऱ्या घाणेवाडी तलावाची.

शुक्रवारी मांडणी. मातीचा नकाशा, चिंचोके चिकटवून केलेला आलेख, पाण्यावरची स्वतः रचलेली गाणी, दहा मिनिटांचं नाटक. बाजारातून काहीही विकत आणायचं नाही, हा एकच नियम.

शनिवारी गाव. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आया, आजोबा सगळ्यांना बोलवायचं. पोरांनी आपला आकडा त्यांच्यासमोर ठेवायचा. शाळेतल्या गुणाकाराचं उत्तर ग्रामपंचायतीच्या दारात जातं, तेव्हा शिक्षण कशासाठी असतं हे सांगावं लागत नाही.

परीक्षेचं काय? रोज पोरानं वहीत एक पान लिहायचं किंवा काढायचं, आणि शिक्षकांनी प्रत्येक पोराबद्दल एक ओळ. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाची सहा पानं आणि सहा ओळी जमतात. पोराला मापन येतं की नाही, हे त्यातून चाचणीपेक्षा स्वच्छ कळतं.

आणि ऊसतोडीहून पोरं परत आली की एप्रिलात त्याच विहिरीत तोच दोर पुन्हा सोडायचा. सप्टेंबरातल्या गाठी आणि एप्रिलातल्या गाठी यांची वजाबाकी करायची. परतलेल्या पोरासाठी वर्गात एक काम शिल्लक आहे, हे त्याला कळणं फार मोलाचं असतं.

ताराबाई गेल्या, अंगणवाडी राहिली

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्यांचं निधन झालं. कोसबाडचं काम पुढं अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत सांभाळलं.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण अशी कामं तिच्याकडे आली. या योजनेनं लाखो पोरांच्या पोटात दोन घास गेले, हे मोठंच काम. पण नोंदवह्या, सर्वेक्षणं आणि आहारवाटपाच्या रगाड्यात खेळ, गाणी, गोष्टी यांना वेळ कमी पडत गेला. ताराबाईंच्या अंगणात आधी पोरांचे केस विंचरले जायचे आणि लगेच गाणं सुरू व्हायचं. दोन्ही गोष्टी एकाच कामाच्या होत्या.

कुरणशाळेचं तर नावही फारसं कुणाला माहीत नाही. तिच्यासाठी सरकारी योजना निघाली नाही, फलक लागले नाहीत. पण ती करायला परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही. येत्या सप्टेंबरात जालन्यातल्या कुठल्याही शाळेत हजेरीचं पुस्तक उघडून, गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुणाच्या नावापुढं गैरहजेरीची रांग लागली होती, ते बघितलं की सुरुवात होते. त्या पोरांना काय येतं हे शोधायचं आणि आठवडा त्यावर बांधायचा. ताराबाईंनी कोसबाडला एवढंच केलं होतं.